मधल्या चित्रांचा इतिहास : मुक्तस्रोत द्विमितीय सदिश ॲनिमेशन आणि महाराष्ट्रातील शैक्षणिक अनुभव

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात यंत्राला जेवढे स्थान मिळते, तेवढे त्या यंत्राने ज्या श्रमाची जागा घेतली त्या श्रमाला मिळत नाही. छपाईच्या इतिहासात खिळे जुळवणारा, गिरणीच्या इतिहासात तुटलेला धागा सांधणारा आणि चलच्चित्राच्या इतिहासात दोन मुख्य चित्रांमधली चित्रे भरणारा कारागीर हे बहुधा तळटीपेतच आढळतात. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या कारागिराच्या अनुषंगाने द्विमितीय सदिश ॲनिमेशनच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा, विशेषतः ‘सिन्फिग स्टुडिओ’चा, इतिहास पाहावयाचा आहे. हा विषय संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांपुरता मर्यादित आहे असे वरकरणी वाटेल. तथापि गेल्या दोन दशकांत आपल्या महाविद्यालयांत अध्यापनासाठी जे हलते चित्र वापरले गेले, त्याचे आयुष्य किती आणि ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न भूगोल, जीवशास्त्र आणि इतिहास शिकवणाऱ्यांचाही आहे. २०२१ च्या जानेवारीत तो अनेकांच्या दारात एकाच वेळी येऊन उभा राहिला. त्याचा विचार पुढे केला आहे.

फाळके ते फिल्म्स डिव्हिजन

महाराष्ट्रात चौकटीगणिक चित्रीकरणाचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून होतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून दाखवली. भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटवणे हा त्या लघुपटाचा व्यावहारिक हेतू होता. पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगकाड्यांना चालते केले. या दोन्ही प्रयोगांत एक सूक्ष्म फरक आहे. रोप आपणहून वाढत होते. कॅमेऱ्याने फक्त काळ आकसला. आगकाडी मात्र आपणहून हलत नाही. तिला दोन चौकटींच्या मधल्या वेळात कोणीतरी हाताने किंचित सरकवावे लागते. ॲनिमेशनचे सारे कष्ट या ‘किंचित’ शब्दात सामावले आहेत.

१९३४ मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने रघुनाथ केळकर यांचा ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट तयार केला. असे प्रयत्न विखुरलेले होते. त्यांना संस्थात्मक रूप आले ते मुंबईत, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागामुळे. १९५६ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स येथील कलाकारांना प्रशिक्षण देण्यासाठी आले आणि १९५७ मध्ये ‘द बॅनियन डियर’ हा जातककथेवरील लघुपट तयार झाला. याच विभागातून राम मोहन (१९३१–२०१९) यांच्यासारखे ॲनिमेटर घडले. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा विजया मुळे यांचा लघुपट दूरदर्शनमुळे घराघरांत पोचला. मुंबईत जन्मलेल्या आणि शैक्षणिक चित्रपटांसाठी आयुष्य वेचलेल्या विजयाबाईंच्या (१९२१–२०१९) या कृतीकडे आपण बालपणीची आठवण म्हणून पाहतो. शैक्षणिक ॲनिमेशनचा नमुना म्हणून तिचा अभ्यास मराठीत अधिक व्हावयास हवा होता, असे येथे नमूद करावेसे वाटते.

या काळातील कार्यपद्धती समजून घेणे आवश्यक आहे. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी धावतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या लघुपटाला ७,२०० चित्रे. मुख्य ॲनिमेटर हालचालीतील निर्णायक स्थिती रेखाटतो. हात वर, हात खाली, एवढीच दोन मुख्य चित्रे. त्यांच्या मधली चित्रे भरण्याचे काम कनिष्ठ कलाकारांकडे जाते. नंतर ती पारदर्शक पत्र्यांवर उतरवली जातात, रंगवली जातात, पार्श्वभूमीवर ठेवून एकेक करून कॅमेऱ्याखाली धरली जातात. हे काम सरकारी विभागाला किंवा मोठ्या कंपनीलाच परवडणारे होते. अध्यापकाने आपल्या विषयाचे हलते चित्र स्वतः तयार करावे, ही कल्पना त्या काळात करण्याजोगी नव्हतीच.

मधले चित्र गणिताच्या हाती

सदिश चित्र आणि बिंदुचित्र यांतील भेद येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. छायाचित्रासारखे बिंदुचित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. सदिश चित्रात ठिपके साठवले जात नाहीत; काही बिंदूंचे स्थान आणि त्यांतून जाणाऱ्या वक्ररेषेचे समीकरण तेवढे साठवले जाते. या वक्ररेषांचे गणित मोटारीच्या कारखान्यांतून आले. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याचा बाक अचूक सांगता यावा म्हणून १९६० च्या आगेमागे ते विकसित केले. वक्ररेषा आकड्यांत आली की एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंतचा प्रवास संगणकाला मोजता येतो, आणि मधले चित्र गणिताने काढता येते.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक व मार्सेली वाइन यांनी हेच केले. त्यांच्या पद्धतीने पीटर फोल्डेस यांनी ‘हंगर’ (१९७४) हा लघुपट काढला. त्यात एक आकृती वितळत दुसरीत शिरते. योगायोग असा की मुंबईत विजयाबाईंच्या लघुपटाची चित्रे हाताने रंगवली जात होती, त्याच सुमारास हे घडत होते. मात्र ही यंत्रणा सर्वसामान्यांच्या मेजावर यायला आणखी दोन दशके लागली. १९९६ मध्ये ‘फ्यूचरस्प्लॅश’ नावाचे छोटे सॉफ्टवेअर मॅक्रोमीडिया कंपनीने विकत घेऊन त्याला ‘फ्लॅश’ हे नाव दिले. सदिश चित्राची फाइल लहान असते आणि त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून येणारे इंटरनेट मंद होते. त्यामुळे फ्लॅशचा प्रसार झपाट्याने झाला. आपल्याकडील ॲनिमेशनच्या खासगी वर्गांत ‘ॲनिमेशन शिकणे’ आणि ‘फ्लॅश शिकणे’ हे जवळजवळ समानार्थी शब्द झाले.

सिन्फिगचा उगम

सिन्फिगची कथा एका बंद पडलेल्या व्यवसायातून सुरू होते. अमेरिकेतील रॉबर्ट क्वाटलबॉम यांनी आपल्या व्होरिया स्टुडिओसाठी हे सॉफ्टवेअर लिहिले. मोठ्या मनुष्यबळाशिवाय चित्रपटाच्या दर्जाचे द्विमितीय ॲनिमेशन करता यावे, मधली चित्रे हाताने काढावीच लागू नयेत, हा त्यामागील हेतू होता. स्टुडिओ चालला नाही. अशा प्रसंगी सॉफ्टवेअर विकले जाते किंवा कंपनीबरोबर नाहीसे होते. क्वाटलबॉम यांनी तसे न करता २००५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची संपूर्ण मूळ संहिता ‘जीएनयू सार्वजनिक परवान्या’खाली खुली केली. पुढे त्याची जोपासना जगभरातील स्वयंसेवकांनी केली. त्यांत रशियातील अल्ताय प्रदेशात राहणारे कॉन्स्तान्तिन द्मित्रिएव्ह हे प्रमुख होत. ‘मोरेव्हना’ या लोककथेवरील ॲनिमेशन केवळ मुक्त साधनांनी करावयाचे या त्यांच्या ध्यासामुळे सॉफ्टवेअरला सतत कसोटीचे काम मिळत राहिले. २०१५ मध्ये सिन्फिगची १.० ही आवृत्ती निघाली. उगमापासून पहिल्या ‘पूर्ण’ आकड्यापर्यंतचा हा दहा वर्षांचा काळ मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाची गती सांगतो. ही गती विद्यापीठीय अभ्यासक्रमाच्या गतीशी बरीच मिळतीजुळती आहे!

त्याच २००५ च्या डिसेंबरमध्ये ॲडोबी कंपनीने मॅक्रोमीडियाची खरेदी पूर्ण केली आणि फ्लॅशची मालकी तिच्याकडे गेली. एकाच वर्षाच्या अखेरीस एक साधन सर्वांचे झाले, तर दुसरे एका अधिक मोठ्या कंपनीचे. त्या वेळी या दोन घटनांची तुलना कोणाला सुचली असती असे वाटत नाही.

‘मुक्त’ या शब्दाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून इंग्रजीत या चळवळीला एका शब्दाच्या दोन अर्थांनी छळले आहे. फुकट आणि स्वतंत्र या दोहोंसाठी त्या भाषेत एकच शब्द. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ वेगळे आहेत, त्यामुळे आपली अडचण निराळी आहे. आपल्या महाविद्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले गेले तेथे ते बहुधा मोफत म्हणून स्वीकारले गेले. सॉफ्टवेअरची संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत पुढे देण्याचा अधिकार हा परवान्याचा गाभा आहे. खरेदीचा खर्च वाचतो हा त्याचा आनुषंगिक लाभ होय.

सिन्फिग एकटे नव्हते. सदिश चित्रांसाठी ‘इंकस्केप’ २००३ पासून उपलब्ध होते. त्रिमितीय ‘ब्लेंडर’ २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो जमवून मुक्त करण्यात आले आणि २०१९ च्या २.८० या आवृत्तीनंतर त्यात द्विमितीय रेखाटनाचे समर्थ साधन आले. जपानच्या जिब्ली स्टुडिओने वापरलेले ‘तून्झ’ हे इटालियन सॉफ्टवेअर २०१६ मध्ये ‘ओपनतून्झ’ या नावाने खुले झाले. मात्र मधली चित्रे संपूर्णपणे गणिताकडे सोपवण्याचा आग्रह सिन्फिगइतका यांपैकी कोणीही धरला नाही.

करंज्याच्या खाडीतील एक उदाहरण

ही कार्यपद्धती प्रत्यक्षात कशी चालते हे परिसरातील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. पनवेलपासून फार दूर नसलेले उरण तालुक्यातील करंजा हे कोळ्यांचे जुने गाव. ब्रिटिश काळातील कागदपत्रांत या साऱ्या भूभागाचा उल्लेख करंजा बेट असाच येतो. द्रोणागिरीचा डोंगर पाठीशी, समोर धरमतरच्या खाडीचे मुख आणि पलीकडे रेवस. या किनारपट्टीवरील डोल जाळे भूगोलाच्या वर्गात समजावून सांगणे किती कठीण आहे, याचा अनुभव अनेक अध्यापकांना असेल. डोल हे शंकूच्या आकाराचे, पिशवीसारखे जाळे. ते ओढत न्यावयाचे नसते; समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना ते बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचा प्रवाह त्याचे तोंड उघडे ठेवतो आणि प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, जवळा, करंदी आपोआप निमुळत्या टोकाशी साठतात. पाणी फिरले की जाळ्याची दिशा बदलावी लागते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. उधाणाला प्रवाह जोरदार, भांगाला मंद. त्यानुसार मासेमारीचे दिवस ठरतात. येथे यंत्राचे इंधन चंद्र आहे. फळ्यावरील स्थिर आकृतीत यातील एकही गोष्ट दिसत नाही, कारण या साऱ्याचा अर्थच काळात आहे.

सिन्फिगमध्ये हे चित्र करावयाचे झाल्यास पाण्याची रेषा, जाळ्याचा शंकू, खुंट आणि होडी हे चार आकार काढावे लागतील. शून्य सेकंदाला पाण्याची रेषा खाली, जाळ्याचे तोंड एका दिशेला. सहाव्या सेकंदाला रेषा वर. पाणी थांबते त्या क्षणी जाळे शिथिल. बाराव्या सेकंदाला तोंड विरुद्ध दिशेला. अशा मोजक्या मुख्य स्थिती दिल्या की मधल्या सुमारे तीनशे चौकटी संगणक भरतो. प्रवाह आरंभी मंद, मध्यावर वेगवान आणि पुन्हा मंद होतो. हा चढउतारही मुख्य स्थितींमधील गतीचा प्रकार निवडून दाखवता येतो. उधाणाचे चित्र तयार झाले की पाण्याच्या रेषेचे दोन आकडे बदलून भांगाचे चित्र मिळते. चित्राची फाइल म्हणजे एक्सएमएल स्वरूपातील साधा मजकूर असतो. तो कोणत्याही मजकूर-संपादकात उघडतो, वाचता येतो आणि दहा वर्षांनी दुसऱ्या अध्यापकाला त्यात बदल करता येतो.

ओपन सोर्स नावाची, बंदिस्त साधनाची चित्रे

महाराष्ट्रातील प्रत्यक्ष अनुभव मात्र निराळ्या वाटेने गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने ‘प्रोजेक्ट ऑस्कर’ सुरू झाला. विज्ञान व अभियांत्रिकीतील कठीण संकल्पनांची संवादी ॲनिमेशन्स तयार करून ती सर्वांना खुली करावयाची, असा त्याचा हेतू. नावातच ‘ओपन सोर्स’ हे शब्द होते. विषयतज्ज्ञाने संकल्पना सांगावी, विद्यार्थ्याने चित्र करावे आणि अध्यापनशास्त्राच्या कसोटीवर ते तपासले जावे, ही त्यामागील रचना आजही अनुकरणीय आहे. परंतु ही ॲनिमेशन्स प्रामुख्याने फ्लॅश आणि जावा यांत तयार झाली. त्या काळाच्या दृष्टीने ही निवड स्वाभाविक होती. सर्व संगणकांत फ्लॅश होते, शिकलेले विद्यार्थी फ्लॅशमध्येच शिकलेले होते, आणि नुकतेच खुले झालेले सिन्फिग शिकण्यास अवघड व चालण्यास अस्थिर होते. निवड करणाऱ्यांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल.

परिणाम मात्र नोंदवावा लागतो. २०१५ ते २०१७ या काळात प्रमुख ब्राउझरांनी जावा ॲपलेटचा आधार काढून घेतला. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने फ्लॅश प्लेयर बंद करण्याचे जाहीर केले, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात आशय चालणेच थांबवण्यात आले. हे घडले तेव्हा महासाथीमुळे वर्ग दूरस्थ पद्धतीने चालू होते आणि हलत्या चित्रांची गरज पूर्वी कधी नव्हती एवढी होती. जगभरातील असंख्य शैक्षणिक चित्रे एका कंपनीच्या व्यावसायिक निर्णयाने एका दिवसात निरुपयोगी झाली. आशय मुक्त होता. तो उघडणारी किल्ली मुक्त नव्हती. मूळ फाइल जतन करून ठेवलेल्यांनाही ती उघडण्यासाठी विकतचेच सॉफ्टवेअर लागत होते.

याचा अर्थ मुक्त साधनाने केलेले काम अमर असते असा नव्हे. सिन्फिगच्या जुन्या फाइली नव्या आवृत्तीत कधीकधी किंचित वेगळ्या दिसतात. त्याचा वेगही प्रशंसनीय नाही. आणि ॲनिमेशनच्या उद्योगात नोकरी मिळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला जाहिरातींत व्यावसायिक सॉफ्टवेअरचीच नावे दिसतात. हा आक्षेप रास्त आहे. पण तो व्यवसाय-शिक्षणाला लागू पडतो. भूगोलाच्या अध्यापकाला जाळे फिरताना दाखवायचे आहे. त्याला स्टुडिओत नोकरी धरावयाची नाही.

बोलके धडे आणि देवनागरीचा अडथळा

आयआयटी मुंबईतच प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र शासनाच्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून, ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य धडे हे त्याचे स्वरूप. त्यात इंकस्केप व ब्लेंडरबरोबर सिन्फिगचाही संच आहे. धड्याची संहिता आधी लिहिली जाते, नवशिक्याकडून तपासून घेतली जाते आणि मग ध्वनिमुद्रण होते. इतर भारतीय भाषांसाठी पडद्यावरील चित्र तेच ठेवून फक्त निवेदन बदलले जाते. ऐकताना मराठी, पाहताना इंग्रजी, अशी ही व्यवस्था आहे. ती काटकसरीची आहे. विद्यार्थ्याला अखेर इंग्रजी आज्ञांशीच काम करावे लागते म्हणून व्यवहार्यही आहे. तथापि तीमुळे सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मराठी आणण्याचा प्रश्न बाजूला पडतो, हेही खरे.

शेजारच्या अनुभवाशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. केरळने ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पाद्वारे शालेय शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले आणि तेथील आयसीटीच्या शालेय पाठ्यपुस्तकात सिन्फिगवरील पाठ समाविष्ट झाला. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता खेड्यापाड्यांत नेली, हे त्याचे श्रेय नि:संशय मोठे आहे. परंतु त्या साक्षरतेचा कणा व्यावसायिक कार्यालयीन सॉफ्टवेअर हाच राहिला. येथे सिन्फिग आले ते उच्च शिक्षणातील प्रकल्पातून. शाळेच्या वर्गातून ते वर आले नाही.

उरतो तो लिपीचा प्रश्न, आणि माझ्या मते मराठी अध्यापकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. देवनागरीत अक्षरे लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एकच नसतो. ‘कि’ मध्ये ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते क नंतर, दिसते क च्या आधी. जोडाक्षरात दोन चिन्हे मिळून तिसराच आकार तयार होतो. ही पुनर्रचना करणारा स्वतंत्र घटक सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. सिन्फिगच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतील मजकुराचा थर प्रत्येक चिन्ह ओळीने ठेवत जाई. त्यामुळे वर दिलेल्या उदाहरणात ‘भरती’ आणि ‘ओहोटी’ हे शब्द ठीक उमटले असते. ‘किनारा’मधील वेलांटी मात्र न वर जाऊन बसली असती आणि ‘समुद्र’ मधला द्र पाय मोडून उभा राहिला असता. रोमन लिपीत काम करणाऱ्या स्वयंसेवकांना हा दोष दिसण्याचे कारणच नव्हते.

यावर वापरकर्त्यांना उपलब्ध असलेला मार्ग असा. शब्द इंकस्केपमध्ये लिहावा, कारण तेथे देवनागरीची जुळणी नीट होते. तेथेच त्याचे वक्ररेषांत रूपांतर करावे. आणि एसव्हीजी फाइल सिन्फिगमध्ये आणावी. शब्द निर्दोष दिसतो. पण आता तो शब्द राहिलेला नसतो, केवळ आकृती असते. त्यात शुद्धलेखनाची चूक आढळली तर अक्षर दुरुस्त करता येत नाही, सारे पुन्हा करावे लागते. ‘होडी’ऐवजी दुसऱ्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्यांसाठी तेथला शब्द घालावयाचा झाला, तरीही तेच. ज्या बदलण्याच्या अधिकारासाठी मुक्त साधन निवडले, तो अधिकार नेमका मराठी मजकुराच्या बाबतीत अशा वेळी हातून निसटतो. दरम्यान टंकांच्या क्षेत्रात पुष्कळ काम झाले आहे. रेड हॅटने खुला केलेला लोहित, मुंबईच्या एक टाइप समूहाचा मुक्त, आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत आणि चित्राबरोबर ते निर्वेधपणे देता येतात.

फ्लॅशच्या जुन्या फाइलींचेही सर्वस्व गेले नाही. ॲडोबीने २००८ मध्ये त्या स्वरूपाच्या विनिर्देशांवरील निर्बंध सैल केले होते, आणि स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ‘रफल’ या मुक्तस्रोत अनुकारकाच्या साहाय्याने त्यांपैकी अनेक फाइली आता पुन्हा ब्राउझरमध्ये चालू शकतात. महाविद्यालयाच्या एखाद्या जुन्या संगणकावर किंवा तबकडीवर अशी चित्रे पडून असतील तर ती फेकण्यापूर्वी रफलमध्ये उघडून पाहावीत. त्यांतील जी उघडतील ती दाखवता येतील. त्यांवरील नावे मराठीत करावयाची असतील तर चित्र नव्याने काढावे लागेल.